दोन ताप, दोन वाटा

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी भातशेती आहे आणि काजूची बागही आहे. म्हणून रोगजंतूंविषयी बोलताना जगभरची उदाहरणे न देता मी आपल्या दक्षिण कोकणातलीच दोन घेणार आहे: पावसाळ्यातला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, आणि पाऊस सरल्यावरचा माकडताप. सुरुवात दोन्हींची सारखीच असते. एकाएकी भरलेला ताप, असह्य डोकेदुखी, ठणकणारे अंग. मात्र लेप्टोचा जंतू जिवाणू आहे आणि माकडतापाचा विषाणू, आणि माणसापर्यंत पोहोचण्याच्या त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत.

लेप्टोचा जिवाणू मळसूत्रासारखा पीळदार, टोकाला आकड्यासारखा वाकलेला आणि इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. उंदराच्या मूत्रपिंडात तो ठाण मांडून बसतो. उंदराला सहसा त्याचा काही त्रास होत नाही, पण त्याच्या मूत्रावाटे जंतू महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतात. जिवाणूला जगण्यासाठी दुसऱ्याच्या पेशीत शिरावे लागतेच असे नाही. त्यामुळे ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात हा जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतो. कोरडेपणा मात्र त्याला सोसत नाही. आता लावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात उभ्या असलेल्या बाईचा पाय डोळ्यांसमोर आणा. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फुगलेली, चिखल्यांनी फाटलेली, टाचांना भेगा, पोटरीवर बांधावरच्या काट्याकुट्यांचे ओरखडे. यांतली प्रत्येक जखम म्हणजे जंतूला उघडे दार. रक्तात शिरलेला जंतू यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसांपर्यंत जातो, म्हणूनच पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळ दिसते, लघवी कमी होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत जी लेप्टोची साथ आली, तिथे शेत नव्हते. उंदीर, तुंबलेले पाणी आणि त्यातून चालणारे पाय एवढे मात्र होते.

जिवाणू असल्यामुळे त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके चालतात, मात्र ती लवकर सुरू व्हावी लागतात. कावीळ दिसेपर्यंत ताप अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. अलीकडच्या काळात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्ग भागातही दिसला. विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढू शकत नाही. काही विषाणू पाण्यातूनही पसरतात, जसा काविळीचा एक. पण माकडतापाच्या विषाणूने मुक्कामासाठी गोचीड निवडली आहे. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा सुळसुळाट एकाच काळात येतो. ही पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. पातेरा गोळा करताना ती कधी पायावर चढली आणि चावली, हे कळतही नाही. साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो, काहींना रक्तस्रावही होतो. या विषाणूला मारणारे खास औषध नाही. प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. शरीरातले पाणी टिकवणे आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणे हाच उपचार. त्यामुळे बागेत जाण्यापूर्वी अंगभर कपडे घालणे, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल लावणे आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवायला टाकणे, यांचे मोल फार आहे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. माकडतापाच्या रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवू नका. या विषाणूची साखळी माणसापाशी येऊन तुटते. रुग्णाजवळ बसल्याने, त्याला पेज भरवल्याने हा आजार होत नाही. लेप्टोही माणसाकडून माणसाला होणे अत्यंत दुर्मीळ आहे. आजारी माणसाला शेजारी लागतो, आणि घाबरून आपण नेमके तेच त्याच्यापासून हिरावून घेतो.

म्हणून तापाचा रुग्ण आला की गेल्या पंधरा दिवसांत त्याने कोणते काम केले, हे मी आधी विचारते. तुम्हीही दवाखान्यात गेलात की कोणी विचारण्याची वाट न पाहता ते सांगा: चिखलात होतो की बागेत, आणि आसपास माकड मेलेले दिसले का. हा विषाणू माकडांचाही जीव घेतो, आणि मेलेल्या माकडाचे अंग थंड पडू लागले की गोचिडी ते सोडून भोवतालच्या पातेऱ्यात उतरतात. असे माकड दिसल्यास त्याला हात लावू नका, त्या वाटेने जाणे थांबवा आणि वनखात्याला व आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.