दुपारी चारची मुलं

(पडद्यावर: भिंतीवरच्या घड्याळात चार वाजतात. खिडकीबाहेर पिवळी स्कूलबस येऊन थांबते.)

अमेरिकेतली दुपार. शाळा सुटलेली असते आणि आईवडील कामावरून यायला अजून अवकाश असतो. पोरगं घरात शिरतं, दप्तर भिरकावतं, खायला काहीतरी घेतं आणि टीव्हीसमोर फतकल मारून बसतं. त्या दोन तासांपुरता रिमोट त्याच्या एकट्याचा असतो.

१७ मार्च १९९७ रोजी कार्टून नेटवर्कने नेमकी हीच वेळ धरली आणि ‘टूनामी’ नावाचा ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळी एकापाठोपाठ लागणाऱ्या मालिकांचा संच, सुरू केला. अटलांटातल्या शॉन एकिन्स आणि जेसन डिमार्को यांची ही कल्पना. सुरुवातीला ‘थंडरकॅट्स’, ‘व्होल्ट्रॉन’ अशा जुन्या मालिका होत्या. १९९८मध्ये ‘सेलर मून’ आणि ‘ड्रॅगन बॉल झी’ या जपानी मालिका आल्या आणि चित्र पालटलं.

का पालटलं? कारण या गोष्टी दुसऱ्या दिवशी पुढे सरकायच्या. एरवीच्या कार्टूनमध्ये भाग संपला की सगळं पुन्हा जागच्या जागी. इथे मात्र मेलेला मेलेलाच राहायचा, निदान बरेच दिवस तरी. काल अर्धवट राहिलेली मारामारी आज बघायची, तर आज चार वाजता घरी असायलाच हवं. मुलांना कथेची चटक लागली ती इथे. पुढचं सगळं त्या चटकेतूनच घडलं आहे.

आपण एक मूल डोळ्यांसमोर धरू. १९९८ साली ते १० वर्षांचं आहे. त्याचं वय लक्षात ठेवा.

(पडद्यावर: लाल आणि निळा राक्षस, अंगात बनियन.)

हे दृश्य नीट बघा. ‘ड्रॅगन बॉल झी’मध्ये नायक गोकू नरकात पोचतो. मूळ जपानी चित्रात तिथल्या राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत ‘हेल’ (HELL) असं लिहिलेलं आहे. अमेरिकन मुलांसाठी ते चालणार नव्हतं. मग कुणीतरी दोन अक्षरं रंगवून बदलली. ‘हेल’चं झालं ‘एचएफआयएल’ (HFIL), आणि त्याचा अर्थही जुळवून दिला: ‘होम फॉर इन्फिनिट लूझर्स’. ‘तेंची मुयो’मध्ये गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करणाऱ्या पात्रांच्या अंगावर संगणकाने पोहण्याचे कपडे चढवले. एकेका चित्रावर बसून कुणीतरी हे काम केलं आहे. हे सगळे फेरफार म्हणजे चॅनेलने मनाशी धरलेल्या प्रेक्षकाचं चित्रच आहे. तो लहान आहे आणि त्याला जपायचं आहे.

पण त्याच चॅनेलला दुसरा प्रेक्षकही दिसू लागला होता. मार्च २०००मध्ये ‘गंडम विंग’ सुरू झाली आणि एकच भाग दिवसातून दोनदा दाखवला जाऊ लागला. दुपारी काटछाट केलेला, मध्यरात्री जसाच्या तसा. यातला ड्युओ स्वतःला मृत्यूचा देव म्हणवतो. दुपारी तोच ड्युओ ‘महाविनाशक’ व्हायचा, कारण मरण हा शब्द दुपारी टाळायचा होता. रात्री त्याला त्याचं नाव परत मिळायचं. ज्या पोराला डोळे उघडे ठेवून रात्री बारापर्यंत जागता आलं, त्याला खरी मालिका बघायला मिळाली. माझ्या मते टूनामीचा प्रेक्षक बदलला तो इथेच. कागदोपत्री ते मान्य व्हायला पुढे बरीच वर्षं लागली.

२ सप्टेंबर २००१ला कार्टून नेटवर्कने रात्रीसाठी, मोठ्या प्रेक्षकांचं ‘अ‍ॅडल्ट स्विम’ सुरू केलं. पहिल्याच रात्री ‘काउबॉय बीबॉप’ होती. तिच्या नायकाचा, स्पाइकचा, इंग्रजी आवाज स्टीव्ह ब्लूम यांचा. टूनामीचा सूत्रधार असलेला यंत्रमानव टॉम, त्यालाही २०००पासून त्यांचाच आवाज. दुपारी कार्यक्रमांची ओळख करून देणारा आवाज आता मध्यरात्री सिगारेट ओढणाऱ्या, थकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकू येत होता. ‘द बिग ओ’चं तर विशेषच. या मालिकेचं पहिलं पर्व २००१मध्ये टूनामीवर दुपारी लागलं. अमेरिकन प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या पर्वासाठी कार्टून नेटवर्कने स्वतः पैसे घातले, आणि २००३मध्ये ते लागलं ते अ‍ॅडल्ट स्विमवर. गोष्ट एकच, तिचा पूर्वार्ध मुलांच्या वेळेत, उत्तरार्ध मोठ्यांच्या.

आपलं मूल आता १५ वर्षांचं आहे.

१७ एप्रिल २००४. टूनामी रोजच्या दुपारच्या वेळेतून उठून शनिवार संध्याकाळी गेला. रिकाम्या झालेल्या दुपारी ‘मिगुझी’ नावाचा हलकाफुलका, लहानग्यांचा ब्लॉक आला. सप्टेंबर २००५मध्ये शनिवारी ‘नारुतो’ आली आणि नवी पोरं गोळा झाली, हे खरं. पण रोजची सवय मोडली ती मोडलीच. शनिवारी संध्याकाळी १६-१७ वर्षांचा मुलगा घरात बसत नाही, आणि लहान भावंडांना सूत्रधार टॉमचं काही विशेष नव्हतं. आपला प्रेक्षक नक्की कोण, हे या काळात टूनामीला ठरवता आलं नाही असं मला वाटतं. २० सप्टेंबर २००८ला टॉमने शेवटचा निरोप घेतला आणि टूनामी बंद झाला.

(पडद्यावर: काळा पडदा. मग यंत्रमानवाचे डोळे चमकतात.)

१ एप्रिल २०१२. अ‍ॅडल्ट स्विमवर दर वर्षी या रात्री ‘द रूम’ हा चित्रपट लागायचा. त्याही वर्षी सुरू झाला, आणि मध्येच पडद्यावर टॉम! त्या रात्री जुन्या मालिकांचे भाग दाखवले. एप्रिल फूलची गंमत एवढंच ते होतं. पण ट्विटरवर ‘टूनामी परत आणा’ असा एकच गलबला झाला. ओरडणारे आता पंचविशीच्या आसपास होते. काही दिवसांनी अ‍ॅडल्ट स्विमनेच विचारलं, खरंच हवंय का? आणि २६ मे २०१२ला, शनिवारी मध्यरात्री, टूनामी परत आला.

आता कुणाच्या अंगावर कपडे रंगवायची गरज नव्हती. ‘डेडमन वंडरलँड’सारखी रक्तरंजित मालिका पहिल्याच रात्री लागली. २०१४च्या जानेवारीत ‘नारुतो शिपुडेन’ आली. २००५मध्ये ज्याने वयाच्या १० व्या वर्षी छोटा नारुतो पाहिला, तो आता १८-१९ वर्षांचा झालेला, आणि पडद्यावरचा नारुतोही उंच झालेला. मे २०१४मध्ये ‘अ‍ॅटॅक ऑन टायटन’ आली.

दरम्यान खरी लहान मुलं फोन आणि स्ट्रीमिंगकडे गेली होती. त्यामुळे अ‍ॅडल्ट स्विमची सुरुवात हळूहळू अलीकडे सरकत गेली. रात्रीचं चॅनेल २०२३मध्ये संध्याकाळी ५ वाजता सुरू होऊ लागलं.

आणि मग, ३१ मे २०२४, शुक्रवार.

(पडद्यावर: तेच भिंतीवरचं घड्याळ. पाच वाजतात. बाहेर गाडी लावल्याचा आवाज.)

‘टूनामी रिवाइंड’, अ‍ॅडल्ट स्विमवर जुन्या मालिकांचा नवा ब्लॉक. ‘सेलर मून’, ‘ड्रॅगन बॉल झी काई’, ‘नारुतो’. संध्याकाळी पाच ते सात. आपलं मूल आता ३६ वर्षांचं आहे. ते ऑफिसातून येतं, बॅग खुर्चीवर टाकतं, खायला काहीतरी घेतं आणि टीव्हीसमोर बसतं. रिमोट आता त्याच्या मुलीच्या हातात आहे. ते तिच्याकडे तो मागतं.