ढगात शिरल्यावरचे 178 सेकंद

नमस्कार श्रोतेहो. इंजिन धडधाकट, टाकीत इंधन, पंख शाबूत, आणि तरी छोटं विमान पडतं. कारण हौशी वैमानिक बाहेर बघून उडवायला शिकलेला असतो, आणि शिरतो ढगात.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 1954 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 जण घेतले. विमान सगळ्यांना येत होतं, नुसत्या उपकरणांवर उडवायचं शिक्षण कुणालाच नव्हतं. शेजारी प्रशिक्षक बसवला, बाहेरचं दिसणं बंद केलं, घड्याळ लावलं. किती जणांनी विमान सांभाळलं? एकानेही नाही. विसांपैकी एकानेही नाही! एकाचं 20 सेकंदांतच हाताबाहेर गेलं, सगळ्यांत चिवट होता तो 8 मिनिटं टिकला. सरासरी 178 सेकंद. तीन मिनिटांना दोन सेकंद कमी.

होतं काय, तर कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतो. पण वळण तसंच चालू राहिलं की 10-20 सेकंदांत तोही नळीबरोबर फिरू लागतो आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललोय. इकडे पंख कललेला, नाक खाली, वेग वाढतोय. घाबरून वैमानिक नाक वर आणायला दांडा मागे ओढतो. पंख सरळ न करता ओढला की वळण आणखी आवळतं, आणि विमान गरगरत खाली. बातमीत येतं, ‘ताबा सुटला’. मला हे शब्द पटत नाहीत. सुटला कुठे? घट्ट धरलेला असतो, म्हणून तर!

त्याच विसांना मग शिकवलं: चाकं खाली सोडा, वेग कमी करा, ट्रिम लावा (म्हणजे दांडा न धरताही विमान तसंच चालत राहतं), हात काढा, पायाने रडर, म्हणजे शेपटीवरची उभी झडप, दाबून सावकाश मागे फिरा. आणि जमलं की हो त्यांना!

आजही तेच: मागे फिरा. कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, त्यावर बघून पंख सरळ करा, मग सेकंदाला 3 अंशांनी वळा. 100 नॉट (ताशी सुमारे 185 किलोमीटर) वेगाला साधारण 15 अंशांचा कल. एका मिनिटात तोंड उलट दिशेला. (मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ हवं. हल्लीची घड्याळं पावलं मोजतात, झोप मोजतात... असो.)

ढगच हवा असंही नाही. जुलै 1999 मध्ये अमेरिकेच्या केनेडी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतः विमान चालवत रात्री धुरकट हवेत समुद्रावर उडत होते. क्षितिज दिसेना. विमान समुद्रात कोसळलं. तपासात दिशाभ्रमच निघाला.

निघण्याआधी तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) बघा. फरक 2-3 अंशांवर आला असेल आणि संध्याकाळ होत असेल, तर धुकं धरू शकतं. टॅबलेटवरचं पावसाचं चित्रही कधीकधी 15-20 मिनिटं शिळं असतं. त्यात दिसणाऱ्या फटीतून वाट काढायला जाऊ नका. तुम्ही पोचेपर्यंत ती बुजलेली असते.