आधी घसा बघा, मग कातडी

माईक चालू आहे ना? मागच्यांना ऐकू येतंय? बरं. मला चाळीस मिनिटं मिळणार होती, आधीच्या वक्त्यांनी त्यातली पंधरा खाल्ली, तक्रार नाही, फक्त नोंद.

मी कातडीचा डॉक्टर आणि माझ्या खिशात कायम टॉर्च असतो. सहकारी हसतात, म्हणतात तू काय कान-नाक-घसावाला आहेस का. त्या टॉर्चमागे एक मांजर आहे, तेवढं सांगू द्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक कॉलेजातली मुलगी आली, सोबत आई. पोटावर, पाठीवर, दंडांवर लाल ठिपके, प्रत्येकावर पातळशी खपली, जणू कुणी कुंचला झटकलाय. एका ठिकाणी सांगितलं नायटा आहे, मलम चोळा. दुसऱ्या ठिकाणी ॲलर्जी. मग घरात साबण बदलला, कपडे धुण्याची पावडर बदलली, चादरी उकळून काढल्या, आणि शेवटी कुणीतरी म्हणालं की घरातल्या मांजरामुळे असेल, तर मांजर मावशीकडे पाठवून दिलं. मुलगी मला पुरळ दाखवायच्या आधी मांजराचा फोटो दाखवत होती!

मी विचारलं, महिनाभरात घसा दुखला होता का? दोघी एकदम म्हणाल्या, नाही. मीही पुढे लिहायला लागलो. तेवढ्यात आई म्हणते, अहो तो ताप आला होता ना तेव्हा, गिळता येत नव्हतं हिला, पण ते तर बरं झालं, त्याला तीन आठवडे होऊन गेले. बघा, इथेच सगळी मेख आहे! घसा बरा होतो, माणूस विसरतो, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी अंगावर थेंब उठतात, आता या दोन गोष्टींची सांगड कोण घालणार? सोरायसिस म्हणजे कातडीवर लाल, खपल्यांचे चट्टे उठवणारा आजार, त्याच्या या प्रकाराला गटेट सोरायसिस म्हणतात, लॅटिनमध्ये गुट्टा म्हणजे थेंब. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये जास्त दिसतो. पुष्कळांचा काही महिन्यांत आपोआप ओसरतो, काहींचा मात्र पुढे नेहमीचा, जाड चट्ट्यांचा सोरायसिस होऊन बसतो. हिचा ओसरला. मांजर काही परत आलं नाही, मावशीला लळा लागला होता.

आणि हे काही नवीन नाही हो. टॉन्सिल सुजल्यानंतर आलेल्या सोरायसिसबद्दल 1916 साली लिहिलं गेलंय, शंभर वर्षं उलटली! तरी आजही पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मवर साबणाचा प्रश्न असतो, पाळीव प्राण्यांचा असतो, आणि घशाचा नसतो. मी एका ठिकाणी काम करताना तो प्रश्न छापून घ्या म्हणून तीनदा लिहून दिलं, उत्तर आलं की फॉर्मवर जागा नाही. अहो, खाली सहीसाठी चार बोटं जागा सोडली होती!

काय, दहाच मिनिटं? अरे बापरे. मुख्य मुद्दा तर राहिलाच, पळवतो आता.

तर घसा धरवणाऱ्या या जंतूचं नाव स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, थोडक्यात स्ट्रेप. त्याच्या अंगावर एम प्रोटीन असतं, त्याचे काही तुकडे आपल्या कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रोटीनशी मिळतेजुळते. टॉन्सिलमधल्या टी पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, या जंतूशी लढायला तयार होतात आणि त्यातल्या काहींवर कातडीचा पत्ता चिकटवलेला असतो, सीएलए म्हणतात त्याला. त्या तिथे पोचतात, केराटिनचा तोंडावळा ओळखीचा वाटतो आणि हल्ला सुरू. मग जी कातडी वर यायला साधारण महिना घेते ती चार-पाच दिवसांतच वर ढकलली जाते, त्याच खपल्या. दोघा भावंडांचा घसा एकदमच धरला तरी थेंब एकालाच का उठतात? त्यात जनुकांचा वाटा मोठा, एचएलए-सी 06:02 नावाचा प्रकार अशा पेशंटमध्ये फार सापडतो. म्हणजे घशाचा जंतू एकमेकांना लागतो, सोरायसिस लागत नाही. हे शेजाऱ्यांनाही सांगा.

आता तुम्ही विचारणार, मग टॉन्सिल काढूनच टाकू का? आइसलँडमध्ये एक चाचणी झाली, 2012 साली छापून आली. चट्ट्यांचा सोरायसिस असलेले 29 पेशंट, घसा धरला की ज्यांचे चट्टे वाढतात असेच निवडलेले. 15 जणांचे टॉन्सिल काढले, त्यातल्या 13 जणांचा आजार 30 ते 90 टक्के कमी झाला आणि दोन वर्षं तसाच राहिला. बाकीच्यांमध्ये असा फरक नाही. मला भारी आवडते ही चाचणी, पण 29 म्हणजे या हॉलमधल्या दोन रांगा, तेवढ्यावर सगळ्यांचे टॉन्सिल कापत सुटू नका.

अँटिबायोटिकचंही तसंच. तपासणीत स्ट्रेप निघाला तर कोर्स पूर्ण घ्यायचा, कारण हाच जंतू ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये हृदयाच्या झडपाही बिघडवतो. पण त्या कोर्समुळे अंगावरचे थेंब लवकर जातात असा भक्कम पुरावा नाही. आणि बहुतेक घसे व्हायरसनेच दुखतात, तिथे त्या गोळ्यांचा उपयोग शून्य. स्वतःच्या मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या तर अजिबात नको, बंद केल्या की सोरायसिस उसळून येऊ शकतो.

हो हो, थांबतो. टाळूवरच्या चट्ट्यांबद्दल चिठ्ठी आली आहे, ज्यांची असेल त्यांनी बाहेर भेटा, मी जिन्यापाशी आहे. येताना तोंड उघडायची तयारी ठेवा.