प्लँटर बोट आणि रॉबर्ट स्मॉल्स

नमस्कार मंडळी. अमेरिकेतली गुलामी म्हटलं की आपल्याकडे लिंकनचं नाव घेतात आणि विषय संपतो. शाळेच्या पुस्तकांनीच ही सवय लावलीय असं माझं स्पष्ट मत आहे, सोडवणारा पाठ होतो आणि स्वतः सुटलेले कुणाला ठाऊकच नसतात. म्हणून आज रॉबर्ट स्मॉल्स. नाव लक्षात ठेवा, रॉबर्ट स्मॉल्स.

१८६२ साल, साऊथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन बंदर. यादवी युद्ध पेटलेलं, आणि गुलामी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेच्या फौजेकडे प्लँटर नावाची वाफेची बोट होती. स्मॉल्स २३ वर्षांचा गुलाम, बोट हाकायचा तो आणि पगारातला मोठा वाटा जायचा मालकाच्या खिशात. बायको-मुलांना सोडवायचं तर ८०० डॉलर लागणार होते. स्वतःची बायको विकत घ्यायची, विचार करा!

१३ मेची पहाट. गोरा कॅप्टन आणि त्याचे अधिकारी रात्री घरी झोपायला गेलेले, तेवढ्यात ह्यानं बोट सुरू केली, वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायका-पोरं घेतली आणि कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर घालून त्याच्यासारखाच हाताची घडी घालून उभा राहिला. समोर फोर्ट समटर, दक्षिणेच्याच फौजेचा किल्ला, तोफा रोखलेल्या. ठरलेली शिटी वाजवायची, चुकली तर सगळे खलास. त्यानं वाजवली, बरोब्बर वाजवली! किल्ल्यानं वाट दिली. पुढे उत्तरेच्या आरमाराचं जहाज गोळा डागणार तोच ह्यांनी पांढरी चादर फडकवली. बोट, तोफा आणि १६ माणसं, सगळी सुटली.

१८६५ ला तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामी कायद्यानं गेली. पण सुटलेल्यांना जमीन मिळाली नाही, मग त्याच मालकांच्या शेतात वाट्यानं राबणं आणि कर्ज, ते शेअरक्रॉपिंग. काळ्यांना रेल्वेत वेगळे डबे, वेगळ्या शाळा, ते जिम क्रो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं ना, त्या वेळी स्मॉल्स साऊथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात बसत होता! नंतर तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतही गेला, आणि ज्या मालकाच्या घरी तो गुलाम होता ते ब्यूफोर्टचं घरही त्यानंच विकत घेतलं.

१८९५ ला राज्याची नवी घटना लिहायला घेतली, काळ्यांचं मत काढून घ्यायलाच. स्मॉल्स तिथे उभा राहून विरोधात बोलला. घटना मंजूर झाली, साक्षरतेच्या आणि कराच्या अटी घालून मतं काढून घेतली, ती थेट १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत.