माळ्यावरचा पंखा आणि आत्याचं निरांजन

नमस्कार श्रोतेहो. मे महिना चालू आहे, आणि ज्यांच्या घरावर पत्रा किंवा कौलं आहेत त्यांना दुपारी दोनला माळ्यावर चढणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. शिडीवरून डोकं वर काढलं की भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ तोंडावर येते, आणि बाहेर संध्याकाळचा वारा सुटला तरी ती धग रात्री अकरापर्यंत खालच्या खोलीत उतरतच राहते. एप्रिल २०१९ मध्ये पुण्यात शिवाजीनगरला पारा ४३ ला टेकला होता, त्या वर्षी आम्ही आत्याच्या माळ्यावर एक्झॉस्ट फॅन बसवला. आज त्याच पंख्याबद्दल बोलणार आहे.

एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो, मधेमधे परत सांगेन. पंखा हवा बाहेर टाकतो, पण जेवढी बाहेर टाकतो तेवढीच आत यायला वाट पाहिजे. वाट पाहिजे, बस्स.

तर आत्याचं घर नारायण पेठेत, जुना वाडा, वरचा मजला, त्याच्यावर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, आणि पोटमाळा. पूर्वी कौलं होती, नंतर कौलं काढून पत्रे घातले. माळ्यावर काय नाही म्हणता, लग्नातली पितळी घंगाळं, पाटांची चळत, आणि एक लोखंडी ट्रंक, तिच्या अर्ध्या उंचीवर अजून गढूळ पाण्याची रेघ दिसते. १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. आत्या तेव्हा आठ वर्षांची होती, ती ट्रंक तळमजल्यावर होती, त्यानंतर तिच्या वडिलांनी ती वर चढवली ती आजवर खाली उतरलेली नाही. लोक म्हणतात माळा रिकामा करा, अडगळ टाकून द्या. मला हे अजिबात पटत नाही. ज्या गावानं पूर पाहिलाय त्या गावात माळ्यावरच्या ट्रंकेला अडगळ म्हणू नये.

असो. मी तपकीर गल्लीतून बारा इंची पंखा आणला, मेटल बॉडीचा, रविवारी वायरमनला घेऊन गेलो, पूर्वेकडच्या भिंतीत आढ्याच्या खाली भोक पाडून पंखा बसवला. आणि त्याच दिवशी एक काम हौसेनं केलं. वळचणीला पत्रा आणि भिंत यांच्या मधे चार-चार बोटांच्या फटी होत्या, तिथून कबुतरं आत यायची, त्या सगळ्या विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बंद केल्या. पश्चिमेला एक जुना झरोका होता, त्याच्यावर आधीच कुणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता, तो तसाच ठेवला. म्हंटलं उन्हाची हवा आत यायला नको.

पंखा चालू केला, जोरात घुमला, सगळे खुश. चार दिवसांनी आत्याचा फोन. "अरे, तुझा पंखा चालू केला की खालची खोली तापते." मी म्हंटलं आत्या, असं कसं होईल, तो तर गरम हवा बाहेर टाकतोय. ती म्हणाली, "तू वाद घालू नकोस, दिवेलागणीला ये आणि बघ."

गेलो. देवघरात निरांजन लावलेलं, पंखा बंद. ज्योत सरळ, एकदम स्थिर. आत्यानं मला काही न बोलता बटणाकडे बोट दाखवलं. मी पंखा सुरू केला, आणि श्रोतेहो, पाचेक सेकंदात ती ज्योत शिडीच्या दिशेला आडवी झाली. नुसती हलली नाही, झुकून तशीच राहिली, जणू कुणी फुंकर धरून बसलंय. शेजारी उदबत्ती होती, तिचा धूर दोरीसारखा ताणून शिडीकडे आणि तिथून माळ्याच्या तोंडातून वर. आत्या म्हणाली, "बघ. वरची हवा राहिली बाजूला, हा माझ्या घरातली हवा ओढतोय."

शंभर टक्के बरोबर होतं तिचं. माळ्याला सगळीकडून बंद केलं, मग पंख्याला हवा मिळणार कुठून? शिडीच्या तोंडातून, तक्तपोशीच्या फटीतून, म्हणजे घरातून. आणि घरातली गेली की तिच्या जागी रस्त्यावरची तापलेली हवा खिडकीतून आत. वाड्याच्या जाड भिंतींनी दुपारभर जपलेला गारवा आम्ही पंखा लावून पत्र्याबाहेर फेकत होतो.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या सुतारमामांना बोलावलं, त्यांचं आयुष्य वाड्यांच्या दुरुस्तीत गेलेलं. ते वर गेले, पाच मिनिटं नुसते बसले, मग पश्चिमेच्या झरोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, हा बांधणाऱ्यानं उगाच ठेवलेला नाही. आपल्याकडे वारा इकडून येतो." डब्याचा पत्रा उपटला, झरोक्याला बारीक जाळी लावली, वळचणीच्या पश्चिमेकडच्या फटी परत मोकळ्या करून त्यांनाही जाळी. शिडीच्या तोंडाला फळीचं झाकण, कडेनं रबराची पट्टी. संध्याकाळी परत निरांजन, परत पंखा. ज्योत सरळ.

आता राहिलेलं भराभर. किती मोठा पंखा? माळ्याची लांबी, रुंदी आणि सरासरी उंची फुटात गुणा, ३५ नं भागा, झाले घनमीटर. त्याला २० नं गुणा, म्हणजे तासाला वीस वेळा हवा बदलेल. पंधरा बाय वीसचा माळा, उंची सहा फूट, तर साधारण ५० घनमीटर, म्हणजे ताशी हजार घनमीटरचा पंखा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो बघून घ्या, नुसते इंच बघू नका. रात्री खाली कुणी झोपत असेल तर १४०० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला १४०० फेरे मारणारा घेऊ नका, ९०० चा घ्या, आवाजात फार फरक पडतो. बॉडी मेटलची, बेअरिंग बॉलचं, माळ्यावरच्या उष्णतेत प्लास्टिक लवकर तडकतं.

आणि वाट. हजार घनमीटरच्या पंख्याला आत येणारी वाट निदान दोन चौरस फूट मोकळी पाहिजे, जाळी लावली तर जवळपास दुप्पट, कारण जाळी बरीच जागा खाते. वाट खाली, वळचणीजवळ, पंखा वर, आढ्याजवळ, आणि दोन्ही समोरासमोरच्या बाजूंना. वाट पंख्याच्या शेजारीच ठेवली तर तिथलीच हवा तिथे फिरते आणि बाकीचा माळा तसाच तापलेला राहतो. पंखा पूर्वेला ठेवा, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याशी त्याला झुंजावं लागत नाही आणि जूनमधला आडवा पाऊस थेट आत घुसत नाही. बाहेरून आपोआप मिटणारं शटर आणि वर छोटी पत्र्याची टोपी, हे दोन्ही लावाच, वळवाच्या एका सरीत मोटार भिजते.

वायर तीन कोरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, अर्थिंग केलेली, स्वतंत्र एमसीबीवरून, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवरून. माळ्यावरच्या बल्बच्या होल्डरमधून कनेक्शन काढू नका, तिथे उंदीर असतात आणि कोरडं लाकूडही. थर्मोस्टॅट मिळाला तर चाळीस अंशांवर लावा, पंखा आपला आपण सुरू होतो आणि बंद होतो. विजेची काळजी नको, ६० वॅटचा पंखा दहा तास चालला तर ०.६ युनिट.

एक मात्र कळकळीनं सांगतो, हे जिवाशी आहे. घरात गॅस गिझर असेल आणि माळ्याचा पंखा घरातली हवा ओढत असेल, तर गिझरचा जळका गॅस बाहेर जायच्या ऐवजी घरात परत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळत नाही. म्हणून पंखा बसवल्यावर बाथरूमच्या दाराशी उदबत्ती धरून बघा. गिझर बंद ठेवून बघा. धूर माळ्याकडे ओढला गेला तर पंखा बंद, आधी वाट मोकळी करा.

पंख्यानं हवेतली गरमी जाते, पत्र्यातून अंगावर येणारी धग पूर्ण जात नाही, त्यासाठी पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग द्या. पंखा आणि पांढरा पत्रा दोन्ही असेल तर एसीवाचून झोप लागते. मला तर वाटतं पेठांमधल्या निम्म्या घरांना एसीची गरजच नाही.

आत्या अजूनही रोज निरांजन लावल्यावर ज्योतीकडे बघते. परवा ज्योत जराशी शिडीकडे झुकली, तिनं नातवाला वर पिटाळलं, झरोक्याची जाळी कबुतरांच्या पिसांनी गच्च भरली होती. त्यानं ब्रशनं झाडून काढली आणि खाली ओरडून विचारलं, "आजी, आता?" आत्या म्हणाली, "हं, आता सरळ आहे."

नमस्कार.