हात बसतो म्हणजे काय होतं?

मघाशी पहिल्या रांगेतल्या एका मुलाची बोटं मांडीवर चालली होती. तिरकिट, तिरकिट. विचारलं तर म्हणाला, "काल क्लासमध्ये अडखळत होतो, आज आपसूक येतंय." रात्रभर त्याने तबल्याला हात लावलेला नाही, तरी बोल साफ झाला. १८८६ पासून, गायक मौलाबक्षांनी काढलेल्या गायनशाळेपासून, बडोद्यात हे घडत आलंय. आपण म्हणतो, हात बसला. खरं तर बसतं ते मेंदूत.

मुली हेअरबँड लावतात ना, साधारण त्या पट्ट्याखाली हालचालींचा भाग असतो. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तिथे नुसती कॉइल धरली, चुंबकीय झटका दिला आणि समोरच्याचा हात हलला. कवटीला धक्काही न लावता! दुसरी रीत याहून सौम्य. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधायचे आणि एक-दोन मिलिअँपिअर वीज सोडायची. बोट हलत नाही, जरा चुणचुणतं, एवढंच. पण तिथल्या पेशी जाग्या होण्याच्या बेतात राहतात. नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली ग्योटिंगेनमध्ये हे मोजून दाखवलं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २००२ सालचा एक प्रयोग. माणसांना अंगठा आणि तर्जनीची झटकन चिमूट करायला शिकवलं. सराव संपताच त्या भागावर सेकंदाला एक या गतीने चुंबकीय झटके दिले. चिमूट करता येत होती, पण सरावाने आलेली सफाई गेली! तेच झटके सहा तासांनी दिले, तेव्हा काही बिघडलं नाही. दह्याचं विरजण लागताना भांडं हलवू नये, तसंच हे.

मग २००९ मध्ये उलट बाजूने पाहिलं. पाच दिवस चिमटीच्या दाबावर पडद्यावरचा ठिपका नेमका हलवायचा, आणि सराव चालू असताना वीज. प्रत्यक्ष सरावात वीज मिळालेले आणि न मिळालेले जवळपास बरोबरीनेच सुधारले. फरक पडला तो एका दिवसाचा सराव संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचा सुरू होईपर्यंतच्या वेळात: वीज मिळालेल्यांचा हात तेवढ्यात जास्त पक्का झाला.

पण हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. बरीचशी वीज कातडीतूनच निघून जाते. कवटीची जाडी वेगळी, मेंदूच्या घड्या वेगळ्या. एकाला गुण येतो, दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून इंटरनेटवरून पट्टा मागवून मुलांच्या डोक्याला लावू नका, हात जोडून सांगते. कातडी भाजू शकते. आणि ज्याने रियाजच केलेला नाही, त्याच्या मेंदूत वीज पक्कं करणार तरी काय?

माझ्याकडे अर्धांगवायूनंतर एक काकू येत. दिवाळीला करंजीची मुरड स्वतःच्या हाताने घालायची, हा त्यांचा हट्ट. आमच्याकडे यंत्र नव्हतं. कणकेच्या पारीवर रोज चिमूट, दुमड, चिमूट, दुमड. हात थकला की मी पारी बाजूला घ्यायची आणि म्हणायची, "काकू, आता या हाताला नवं काही शिकवायचं नाही." त्या चिडायच्या, "अगं, आत्ता कुठे जमायला लागलंय!" एका सकाळी आल्या त्या थेट कणकेकडे गेल्या. पहिल्या तीन दुमडी नेहमीसारख्या फाटल्या. चौथी बसली. मग पाचवीही बसली.