नाक खाली जातं तेव्हा : ध्वनीवेगाच्या अलीकडचा धोका

(दृश्य : बरबँक, कॅलिफोर्निया. लॉकहीडच्या कारखान्याबाहेर उभं असलेलं पी-३८ लाइटनिंग.)

निवेदन :

साल १९४१. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नाही, पण बरबँकच्या लॉकहीड कारखान्यात कामाची घाई आहे. सैन्याच्या मोठ्या आशा पी-३८ लाइटनिंग या नव्या लढाऊ विमानावर आहेत. दोन इंजिनं, मध्ये वैमानिकाची छोटी कुपी, आणि मागे दोन लांब दांड्यांवर पेललेलं शेपूट.

आणि मग वैमानिक एक विचित्र गोष्ट सांगायला लागतात. खूप उंचावरून सूर मारला की काही सेकंदांत शेपूट थडथडायला लागतं. नाक आपण न दाबताच आणखी खाली जातं. स्टिक पोटाशी ओढावी, तर ती हलतच नाही, आणि हलली तरी विमान ऐकत नाही. सूर अधिकच उभा होत जातो.

मेजर सिग्ना गिल्की अशा सुरात सापडले. विमान सोडून उडी मारण्याऐवजी ते आत बसून राहिले आणि शेपटाचं ट्रिम, म्हणजे नाकाचा तोल साधणारी सोय, थोडं थोडं फिरवत गेले. बरंच खाली आल्यावर, हवा दाट झाल्यावर, विमान ताब्यात आलं. ते माहिती घेऊन परतले, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

४ नोव्हेंबर १९४१ रोजी लॉकहीडचे चाचणी वैमानिक राल्फ व्हर्डन उडाले, ते परतले नाहीत. वैमानिकाच्या हाताला जास्त जोर मिळावा म्हणून त्यांच्या विमानाच्या एलिव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटावरच्या पट्टीला, स्प्रिंगचे टॅब बसवले होते. चाचणीत शेपूट तुटलं आणि विमान ग्लेनडेलच्या वस्तीत कोसळलं.

सैन्यातल्या काहींना वाटलं की हा शेपटाच्या फडफडीचा दोष आहे. म्हणून एलिव्हेटरला तोलाची वजनं लावायला लावली. विमानाचे अभियंते केली जॉन्सन यांना त्यांचा काही उपयोग दिसत नव्हता, तरी ती वजनं पी-३८ वर कायम राहिली. दोष शेपटात दिसत होता, पण त्याचं मूळ पंखावर होतं.

(दृश्य : पंखाचा आडवा छेद. त्यावरून वाहणाऱ्या हवेच्या रेघा.)

विमान पुढे सरकतं तेव्हा दाबाच्या लहानलहान लहरी पुढच्या हवेला त्याची वर्दी देतात. या लहरी ध्वनीच्या वेगाने जातात, म्हणून पुढची हवा आधीच बाजूला व्हायला लागते. विमानाचा वेग ध्वनीच्या जवळ आला की ही वर्दी वेळेवर पोहोचत नाही.

पण पी-३८ त्या सुरात ध्वनीवेगाला पोहोचलेलंच नव्हतं! ते होतं ध्वनीवेगाच्या साधारण दोन तृतीयांशावर, म्हणजे मॅक ०.६७ - ०.६८ च्या आसपास. मग अडचण कुठून आली?

पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा विमानापेक्षा जास्त वेगाने धावते. पंख उचलला जातो तो त्यामुळेच. तेव्हा विमान ध्वनीवेगाच्या बरंच अलीकडे असतानाच पंखाच्या पाठीवरच्या एका पट्ट्यात हवा ध्वनीवेग ओलांडते. ती पुन्हा मंदावते ती एकदम, एका पातळ पडद्यापाशी. हीच शॉक वेव्ह. तिच्या मागे हवा पंखाला चिकटून राहत नाही, उचकटते, घुसळते. ती घुसळलेली हवा मागे शेपटावर आदळते, आणि थडथड सुरू होते.

ही शॉक वेव्ह डोळ्यांनी दिसू शकते. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जेटमध्ये पंखाच्या वरच्या खिडकीशी बसलेले असाल आणि ऊन योग्य कोनातून येत असेल, तर पंखाच्या पाठीवर, पंखाच्या लांबीत, एक बारीक रेघ थरथरताना दिसते. तिथे हवेची घनता अचानक बदलते, त्यामुळे प्रकाश वाकतो आणि तिची सावली पडते. मला वाटतं, विमानातून दिसणाऱ्या ढगांपेक्षाही ही रेघ बघण्यासारखी आहे.

आता नाक का खाली जातं ते बघू. पंखाची पाठ लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, गमावते. जी लिफ्ट उरते तिचं केंद्र मागे सरकतं. शिवाय एरवी पंखावरून निघालेली हवा खाली वळून शेपटाकडे जाते आणि शेपटाला खाली दाबून ठेवते. पंखाची लिफ्ट गेली की हा दाब गेला. तराजूच्या एका पारड्यातलं वजन काढावं तसं शेपूट वर उसळतं आणि नाक खाली. नाक खाली गेलं की वेग वाढतो, आणि वेग वाढला की शॉक वेव्ह आणखी जोर धरते. इंग्रजीतलं नाव वैमानिकांच्या तोंडी बसलं आहे : मॅक टक.

गिल्की खाली आल्यावरच का वाचले, हेही यातूनच कळतं. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. समुद्रसपाटीला १५ अंशांच्या हवेत तो ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, तर अकरा किलोमीटर उंचीवरच्या उणे ५६ अंशांच्या थंडीत सुमारे १,०६०. खाली उबदार हवेत तोच वेग ध्वनीच्या तुलनेत कमी ठरतो, दाट हवेचा विरोधही वाढतो, आणि पंख पुन्हा पंखासारखा वागतो. पण तोवर विमान शाबूत राहायला हवं, आणि जमीन पुरेशी खाली असायला हवी.

पी-३८ वर पंखाखाली लहान फ्लॅप बसवण्याचा उपाय निघाला. सूर मारताना ते उघडले की पंखाखालचा दाब बदलून लिफ्ट टिकते. नवी विमानं १९४४ मध्ये हे फ्लॅप घेऊन कारखान्यातून निघू लागली. व्हर्डन जाऊन तेव्हा अडीच वर्षांहून अधिक काळ झाला होता. इतका उशीर वाचताना आजही मनाला लागतो.

(दृश्य : फार्नबरो, इंग्लंड. स्पिटफायर.)

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या संशोधन केंद्रात स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान घेऊन सूर मारण्याच्या चाचण्या चालू होत्या. स्पिटफायरचा पंख पातळ, त्यामुळे त्याची हद्द बरीच पुढे. टोनी मार्टिनडेल यांनी मॅक ०.९ च्या आसपासचा वेग गाठला, तेव्हा प्रोपेलर गिअरसकट निखळून गेला. पुढचं वजन गेल्यामुळे विमान जोरात वर उसळलं, मार्टिनडेल यांची शुद्ध हरपली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी प्रोपेलर नसलेलं विमान तरंगवत धावपट्टीवर आणून उतरवलं.

(दृश्य : पंखाला बाक असलेलं, बिनशेपटाचं विमान. डी हॅविलंड डीएच-१०८.)

युद्ध संपलं, जेट आली, पंख मागे झुकवले गेले. हवा पंखाला तिरकी भिडली की पंखाला जाणवणारा वेग कमी होतो आणि शॉक वेव्ह उशिरा येते. जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ बुझमान यांनी हे १९३५ मध्येच रोममधल्या परिषदेत मांडलं होतं.

ब्रिटिशांच्या डी हॅविलंड कंपनीने व्हँपायर या जेटचा पुढचा सांगाडा घेतला, त्याला झुकलेले पंख लावले आणि आडवं शेपूट काढूनच टाकलं. व्हँपायर हे आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट. ते १९४८ मध्ये भारतात आलं आणि पुढे बंगळूरच्या कारखान्यात बनलं. तोच हा सांगाडा, पण शेपूट नसलेला.

२७ सप्टेंबर १९४६ च्या संध्याकाळी कंपनीच्या संस्थापकांचा मुलगा जेफ्री डी हॅविलंड ज्युनिअर हे विमान घेऊन टेम्सच्या मुखाकडे निघाले. वेगाच्या विक्रमाची तयारी चालू होती. कमी उंचीवर, खूप वेगात, विमानाचं नाक भराभर वर-खाली व्हायला लागलं आणि विमान हवेतच तुटलं. आधी १९४३ मध्ये दुसरा मुलगा जॉन मॉस्किटो विमानांच्या टकरीत गेला होता. एकाच पित्याने दोन मुलं आपल्याच विमानांत गमावली.

हे नेमकं काय झालं, ते शोधायला एरिक ब्राउन या चाचणी वैमानिकाने पुढे त्याच प्रकारचं विमान उडवलं. चार हजार फुटांवर, मॅक ०.८८ ला, तोच खेळ सुरू झाला : नाक सेकंदाला तीन वेळा वर-खाली. हनुवटी छातीवर आदळत राहिली. अशा वेळी काय करायचं, हे त्यांनी उड्डाणाआधीच ठरवून ठेवलं होतं. स्टिक आणि थ्रॉटल दोन्ही सावकाश मागे घ्यायचे, घाई नाही. ते वाचले. त्यांची उंची बेताची आणि आसनही खाली केलेलं. जेफ्री उंच होते, म्हणून त्यांचं डोकं छतावर आपटलं असणार, असा निष्कर्ष निघाला. डीएच-१०८ तीनच बनली, आणि तिन्हींत वैमानिक गेले.

१९४६ च्याच फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने ध्वनीवेग ओलांडण्यासाठी आखलेल्या माइल्स एम-५२ या विमानाचा प्रकल्प बंद केला होता. त्याच्या आराखड्यात आडवं शेपूट अखंडपणे हलणारं होतं. तो निर्णय फार महाग पडला, असं मला ठामपणे वाटतं.

(दृश्य : मोहावीचं वाळवंट. बी-२९ च्या पोटाखाली लटकलेलं बेल एक्स-१.)

ध्वनीवेग ओलांडणारे अमेरिकी वैमानिक चक यीगर आणि त्यांचं रॉकेट-विमान एक्स-१ यांची गोष्ट सांगताना लोक घोड्यावरून पडून मोडलेल्या बरगड्या सांगतात. खरा मुद्दा शेपटाचा आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये, मॅक ०.९४ ला, यीगर यांनी स्टिक ओढली आणि काहीच झालं नाही. एलिव्हेटर म्हणजे आडव्या शेपटाच्या मागे बिजागरीवर हलणारी पट्टी. शॉक वेव्ह त्या बिजागरीच्या जागी येऊन बसली होती. तिच्या मागे पट्टी कितीही हलवा, पुढच्या हवेला पत्ताच लागत नाही.

पण एक्स-१ मध्ये आडवं शेपूट पूर्णच्या पूर्ण वळवण्याची सोय मुद्दाम ठेवलेली होती. अभियंता जॅक रिडली यांनी सुचवलं : एलिव्हेटर विसरा, सगळं शेपूट अंशाच्या छोट्या भागाने वळवत चला. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी यीगर त्याच युक्तीने ४३,००० फुटांवर मॅक १.०६ ला पोहोचले. पलीकडे गेल्यावर थडथड संपली, विमान शांत झालं. सगळा धोका अलीकडच्या पट्ट्यात होता.

कोरियाच्या युद्धात ही बाब जीवनमरणाची ठरली. पूर्ण हलणारं शेपूट घेऊन अमेरिकेचं एफ-८६ सेबर वेगात सफाईने वळायचं. समोरच्या सोव्हिएत मिग-१५ ला बिजागरीचीच पट्टी, म्हणून मॅक ०.९२ ला त्याचे ब्रेक आपोआप उघडतील अशी तजवीज करावी लागली.

हवेच्या विरोधाची गोष्ट वेगळी. याच पट्ट्यात तो एकदम उसळी घेतो. रिचर्ड व्हिटकम्ब यांनी विमानाला कंबर आणायला शिकवलं आणि अमेरिकेचं एफ-१०२ त्यामुळेच पलीकडे जाऊ शकलं. आपल्या एचएफ-२४ मारुत या लढाऊ जेटच्या बाबतीत त्याचे जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांचं स्वप्न ध्वनीच्या दुप्पट वेगाचं होतं, पण मनाजोगं इंजिन मिळालं नाही, आणि ते या उंबरठ्यापाशीच थांबलं.

(दृश्य : पॅन ॲमचं बोइंग ७०७.)

३ फेब्रुवारी १९५९. अटलांटिकवर ३५,००० फुटांवर पॅन ॲमचं ७०७, उड्डाण ११५. कॅप्टन वॉल्डो लिंच प्रवाशांमध्ये गेले होते. ऑटोपायलट कुणाच्या लक्षात न येता सुटला, विमान कललं, नाक खाली गेलं, आणि वेग मर्यादेपलीकडे गेला. शरीर जड करून टाकणाऱ्या त्या झटक्यांतून लिंच कसेबसे कॉकपिटपर्यंत पोहोचले. सुमारे ६,००० फुटांवर विमान सावरलं आणि कॅनडातल्या गँडरला उतरलं. सगळे वाचले.

आजच्या प्रवासी जेटमध्ये मॅक ट्रिम नावाची यंत्रणा असते. वेग वाढून नाक जड व्हायला लागलं की ती वैमानिकाच्या आधीच शेपूट सावरते. मर्यादा ओलांडली की कॉकपिटमध्ये इशारा वाजतो. उंच गेल्यावर मात्र दोन्हीकडून जागा आखडते : वेग कमी झाला तर पंख हवा सोडतो, वाढला तर शॉक वेव्ह थडथडते. म्हणून मॅक ट्रिम बिघडली, तर काही विमानांत वैमानिकाला वेगाची मर्यादा खाली आणावी लागते, आणि ती त्यांच्या नियमपुस्तकात आकड्यानिशी लिहिलेली असते.